पायसीपीडी: नॉइज सोसते, पण खुंटी पिळली तरच

दोन प्रतिमा एकमेकींवर बसवायच्या आहेत, दोन्हींतले ठिपके काढून झाले आहेत, पण कुठल्या ठिपक्याचा जोडीदार कोण हे ठाऊक नाही. अशा कामाला पायथनवाले बहुधा पायसीपीडी उचलतात. लायब्ररी फुकट आहे, परवाना एमआयटीचा, नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीखेरीज काही लागत नाही. आतलं गणित आंद्री मिरोनेंको आणि शुबो साँग यांच्या कोहिरंट पॉइंट ड्रिफ्टचं, म्हणजे सीपीडीचं: २००६ मध्ये पहिल्यांदा मांडलेलं, २०१० मध्ये सविस्तर छापलेलं. कोड इतका सुटसुटीत आहे की एका बैठकीत वाचून होतो, आणि वाचावाच, कारण दाखल्यात न दिसणाऱ्या तीन गोष्टी त्यात दिसतात. ‘सीपीडीला नॉइज चालतो’, म्हणजे सरकलेले, खोटे किंवा बिनजोडीचे ठिपके चालतात, हे खरं आहे. पायसीपीडी डिफॉल्टवर चालवली तर तिला नॉइज चालतो, हे मात्र खरं नाही.

पाहणीसाठी रेटिनाचे फोटो घेऊ. एकाच डोळ्याचे दोन फोटो, रक्तवाहिन्यांना जिथे फाटे फुटतात ते बिंदू, आणि त्यांची जुळणी. ‘फायर’ नावाचा खुला संच यासाठी सोयीचा आहे: १३४ जोड्या, प्रत्येक प्रतिमा २९१२ × २९१२ पिक्सेल, आणि खातरजमेसाठी जुळलेले बिंदू आधीच दिलेले. फाटे काढायची वाट नेहमीचीच: हिरवा चॅनल, क्लाहे (कॉन्ट्रास्ट वाढवायला), फ्रांगी फिल्टर (नळीसारखे आकार उठवायला), थ्रेशोल्ड, सांगाडा (रक्तवाहिनीची एक पिक्सेल रुंद मधली रेघ), आणि ज्या पिक्सेलला सांगाड्यातले तीन किंवा जास्त शेजारी आहेत तो फाटा. एका फोटोतून असे शंभर-दीडशे बिंदू निघतात. पुढची सगळी आकडेमोड १२० आणि १५० बिंदूंवर आहे, आणि त्यातले ८० दोन्हीकडे खरोखर सामाईक आहेत असं धरलं आहे. बाकीचे नॉइज.

यात तीन जातींचा नॉइज असतो आणि तिघांचं औषध वेगळं आहे. पहिला थरथरीचा: फाटा खरा, पण सांगाडा दोन-पाच पिक्सेल सरकलेला. दुसरा खोट्या बिंदूंचा: सांगाड्याला फुटलेली टोकं, रक्तस्रावाचे डाग, ऑप्टिक डिस्कची (डोळ्याची नस रेटिनाला जिथे मिळते त्या गोल भागाची) कड. एक रक्तवाहिनी दुसरीवरून जाते तिथे एकाच छेदाचे दोन फाटे मोजले जातात, तेही यातच. तिसरा गैरहजेरीचा: बिंदू एका फोटोत आहे, दुसऱ्यात फोकस गेल्यामुळे किंवा चौकट सरकल्यामुळे नाहीच.

आता, ओपनसीव्ही या प्रतिमांच्या लायब्ररीतली रॅन्सॅक (थोड्या जोड्या अंदाजाने उचलून उत्तर पारखत राहणारी रीत) हाताशी असताना हे कशाला? बिंदूला डिस्क्रिप्टर, म्हणजे आजूबाजूच्या चित्रावरून काढलेली ओळख, असेल तर खरंच कशाला. सिफ्टसारख्या डिस्क्रिप्टरने धड जोड्या मिळत असतील तर हा लेख इथेच सोडा. पण रेटिनाचे फाटे दिसायला सारखेच. डिस्क्रिप्टर नसेल तर १२० × १५० = १८,००० संभाव्य जोड्या होतात आणि त्यांत खऱ्या फक्त ८०, म्हणजे ०.४४ टक्के. दोन जोड्यांवरून सरक, फिरणं आणि आकार काढायचा तर ९९ टक्के खात्रीसाठी साधारण २,३३,००० फेऱ्या लागतात. अफाइनला (तिरकं ताणणंही ज्यात चालतं) तीन जोड्या लागतात, मग आकडा सव्वापाच कोटींवर जातो. ओपनसीव्हीचं डिफॉल्ट २,००० आहे. जवळच्या बिंदूंना जोडत पुढे जाणाऱ्या आयसीपी या पद्धतीची अडचण निराळी: ती प्रत्येक बिंदूला जवळचा जोडीदार चिकटवतेच, मग तो बिंदू खरा असो की डाग.

सीपीडी जोड्या ठरवत नाही, वजनं वाटते. ‘वाय’ हा हलणारा संच, इथे १२० बिंदूंचा. त्याचा प्रत्येक बिंदू एका गाऊसियन ढगाचं केंद्र असतो. ‘एक्स’ हा १५० बिंदूंचा स्थिर संच म्हणजे त्या ढगांतून पडलेले थेंब. कुठला थेंब कुठल्या ढगाचा याची संभाव्यता काढायची, त्या वजनांनी वाय हलवायचा, ढगाची रुंदी (सिग्मा) नव्याने मोजायची, पुन्हा तेच. नॉइजसाठी एक जादा, सपाट ढग असतो. कुठल्याच ढगात न बसणारा थेंब तिथे जातो. या सपाट ढगाचा वाटा म्हणजे ‘डब्ल्यू’, शून्य ते एकच्या आत. हीच ती खुंटी.

पायसीपीडीत डब्ल्यूचं डिफॉल्ट शून्य आहे.

शून्याचा अर्थ असा की एक्सच्या प्रत्येक बिंदूची एकूण वजनं १ भरलीच पाहिजेत. रक्तस्रावाच्या डागावरचा बिंदू सगळ्या फाट्यांपासून ८० पिक्सेल दूर असला तरी जवळच्या ढगाने त्याला पदरात घ्यायचं. ८० खरे बिंदू दोन्ही अक्षांवर ५ पिक्सेलच्या थरथरीने बसले आणि ७० खोटे सरासरी ८० पिक्सेलवर राहिले, तर सिग्मा-वर्ग येतो (८० × ५० + ७० × ६४००) ÷ ३००, म्हणजे सुमारे १५०७. सिग्मा ३९ पिक्सेल. खरी थरथर ५ पिक्सेलची असताना ढग ३९ वर अडकतो, आणि एवढ्या रुंद ढगात खरे-खोटे सगळे एकाच मापाने तोलले जातात. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं. एरर कुठेच येत नाही, चित्र साधारण बसल्यासारखं दिसतं. म्हणूनच हा घोटाळा लवकर ध्यानात येत नाही.

मग डब्ल्यू किती ठेवायचा? एक्समधल्या ज्या बिंदूंना जोडीदार नाही त्यांचा वाटा. इथे ७० भागिले १५०, म्हणून ०.४५ धरू. थोडा जास्त चालतो, फार कमी चालत नाही. पण डब्ल्यू लिहिला म्हणजे काम झालं असं समजू नका. खरं घोडं पुढे अडतं.

सपाट ढगाचं वजन द्विमितीत असं निघतं: ६.२८ × सिग्मा-वर्ग × डब्ल्यू ÷ (१ − डब्ल्यू) × वायची संख्या ÷ एक्सची संख्या. यातला सिग्मा-वर्ग बघा, त्याला एकक आहे. निर्देशांक पिक्सेलमध्ये असतील, सिग्मा ५ असेल, तर ६.२८ × २५ × ०.८१८ × ०.८ = १०३. उलट, ढगाच्या अगदी मधोमध पडलेल्या, अचूक जुळलेल्या बिंदूचं वजन फक्त १. म्हणजे त्याच्या खरेपणाची संभाव्यता १ ÷ १०४, एक टक्क्याहूनही कमी. सगळेच बिंदू नॉइज ठरले! आता हेच निर्देशांक १००० ने भागा. सिग्मा ०.००५ होतो, सपाट ढगाचं वजन ०.०००१, आणि तोच बिंदू ०.९९९९ खरा ठरतो. डेटा तोच, डब्ल्यू तोच, फक्त पट्टी बदलली.

कारण सोपं आहे: सीपीडीच्या सूत्रात सपाट ढगाची घनता चित्राच्या क्षेत्रफळाने भागलेली नाही, ‘एक भागिले बिंदूंची संख्या’ अशी धरली आहे. मूळ मॅटलॅब कोड निर्देशांक आधी एका मापात आणतो, त्यामुळे तिथे ही गोष्ट झाकून जाते. पायसीपीडी ते करत नाही, तुम्हीच करायचं असतं. ओळखायची खूण: काम झाल्यावर ‘एनपी’ छापा. जुळलेल्या वजनांची ती बेरीज आहे. इथे ती ८० च्या आसपास यायला हवी. ती १ च्याही खाली दिसली तर पट्टी चुकली आहे, दुसरीकडे शोधत बसू नका.

पिक्सेलमध्येच डिफॉर्मेबल (बिंदूंना वेगवेगळं हलू देणारी, चित्र वाकवणारी जुळणी) चालवली तर आगीतून फुफाट्यात. तिथे ‘बीटा’ म्हणजे किती अंतरावरच्या बिंदूंनी एकमेकांसोबत हलायचं ते, डिफॉल्ट २. पिक्सेलच्या जगात तो २ पिक्सेल होतो, आणि ५० पिक्सेलवरच्या शेजाऱ्याशी नातं उणे ३१२ च्या घातांकावर जातं, म्हणजे शून्यच. जो ‘कोहिरंट’पणा म्हणून पद्धतीचं नाव पडलं तोच नाहीसा. वर ‘अल्फा गुणिले सिग्मा-वर्ग’ हा दाब ५० होतो (अल्फा म्हणजे हालचाल गुळगुळीत ठेवायचा जोर, डिफॉल्ट २) आणि बिंदूचं वजन ०.०१ असतं. त्यामुळे १० पिक्सेल सरकायला हवा तो बिंदू ०.००२ पिक्सेल सरकतो. ‘डिफॉर्मेबलने काहीच होत नाही’ ही तक्रार निघते तिच्या मुळाशी बहुधा हेच.

एका मापात आणण्याची रीत अशी. दोन्ही संचांचा मध्य वेगवेगळा काढा, पण सरासरीने नव्हे, मीडियनने, कारण सरासरीला कोपऱ्यातले खोटे बिंदू ओढतात. मग मध्यापासूनच्या अंतरांचा मीडियन घ्या आणि त्या एकाच आकड्याने दोन्ही संच भागा. दोघांना वेगवेगळ्या आकड्याने भागलं तर आकारातला खरा फरक तिथेच पुसला जातो. फायरच्या प्रतिमांत हा आकडा हजार पिक्सेलच्या घरात येतो, आणि सिग्मा-वर्गाची सुरुवात १ च्या आसपास होते. परत पिक्सेलमध्ये यायला: वायमधून त्याचा मध्य वजा करा, फिरवा, ‘एस’ने (आकाराच्या पटीने) गुणा, मग सरक त्या आकड्याने गुणून मिळवा आणि शेवटी एक्सचा मध्य मिळवा. पायसीपीडीत बिंदू ओळीत असतात आणि फिरवण्याचं मॅट्रिक्स उजवीकडून गुणलं जातं. पुस्तकातलं डावीकडून गुणायचं सूत्र जसंच्या तसं वापरलं तर कोन उलटा पडतो. आणखी एक: सांगाड्यातून नमपायच्या अर्गव्हेअरने काढलेले बिंदू ओळ-स्तंभ या क्रमाने आणि पूर्णांकात येतात. क्रम उलटवून दशांशात आणा, मगच पुढे द्या.

माप बदललं की टॉलरन्सही (फरक किती कमी झाला की थांबायचं तो आकडा) बदलायचा, आणि नेमकं हेच विसरलं जातं. डिफॉल्ट ०.००१ आहे. डिफॉर्मेबलमध्ये तो सिग्मा-वर्गाच्या दोन फेऱ्यांतल्या फरकाला लागतो. हजाराने भागलेल्या जगात सिग्मा ३२ पिक्सेल असतानाच अख्खा सिग्मा-वर्ग ०.००१ असतो, फरक तर त्याहून कमी. म्हणजे लायब्ररी ३२ पिक्सेलवर, कधी त्याच्याही आधी, ‘झालं’ म्हणून थांबते. टॉलरन्स एक कोट्यंशाच्या खाली न्या, मॅक्स इटरेशन्स १०० चे ३०० करा. शे-दीडशे बिंदूंना या फेऱ्या काहीच नाहीत.

कुठला संच वाय करायचा? डब्ल्यू फक्त एक्समधला कचरा झेलतो. वायमधल्या खोट्या केंद्रासाठी वेगळी सोय नाही. ते रिकामं राहतं किंवा शेजारच्या थेंबावर हक्क सांगतं. म्हणून स्वच्छ संच वाय, कचरा असलेला एक्स. पण शेवटी चित्र वाकवायचं असेल तर गणित वेगळं पडतं: ओपनसीव्हीच्या रीमॅपला निकालातल्या प्रत्येक पिक्सेलसाठी ‘मूळ चित्रात कुठून उचलू’ हे हवं असतं. म्हणजे स्थिर फोटोतले बिंदू वाय, हलवायच्या फोटोतले एक्स, हे ऐकायला उलटं वाटलं तरी तेच बरोबर. दोन्ही साधायचं तर स्थिर फोटोचा थ्रेशोल्ड कडक ठेवा, तिथे बिंदू थोडे कमी मिळाले तरी चालतात. चित्र वाकवताना ८५ लाख पिक्सेल एकदम ट्रान्सफॉर्मला देऊ नका. १२० केंद्रांसाठी निव्वळ कर्नलच (प्रत्येक पिक्सेलचं प्रत्येक केंद्राशी नातं) ८ जीबीचा होतो. दर १६ पिक्सेलवर जाळी घ्या, १८२ × १८२ बिंदू हलवा, मधलं इंटरपोलेशनने भरा.

रिजिडमध्ये (फक्त सरक, फिरणं आणि आकार बदलणाऱ्या जुळणीत) ‘स्केल’ डिफॉल्टने चालू असतो. एकाच कॅमेऱ्याचे, एकाच कोनाचे फोटो असतील तर तो बंद करा. नॉइज भरपूर असेल तर आकार मोकळा ठेवणं म्हणजे वायला आक्रसून दाट कोपऱ्यात बसायची मुभा देणं. सुरुवातीच्या कोनाचं म्हणाल तर सीपीडी जवळचंच उत्तर शोधते. रेटिनाच्या फोटोत डोकं तिरकं होऊन होऊन किती होणार. उणे २० ते २० अंश, दर १० अंशांनी पाच सुरुवाती पुरतात. मात्र प्रत्येक वेळी वाय हाताने फिरवा आणि सिग्मा-वर्ग ०.१ असा स्वतः द्या. तो १ पासून सुरू झाला तर ढग इतके रुंद असतात की पहिल्याच फेरीत तुम्ही दिलेला कोन विसरला जातो आणि पाचही धावा एकाच ठिकाणी येऊन पडतात. दोन फोटोंचा सामाईक भाग कमी असेल (फायरमधला ‘पी’ गट असाच आहे) तर मीडियनचा मध्यही फसवतो. तिथे ऑप्टिक डिस्कच्या केंद्रावरून सरक द्या.

पाचांतला विजेता निव्वळ सिग्मावर ठरवू नका. दहा बिंदू छान जुळवून बाकी सगळे नॉइजमध्ये ढकलणाऱ्या धावेचा सिग्मा सगळ्यात देखणा असतो. एनपी आणि सिग्मा शेजारीशेजारी ठेवून बघा: एनपी ७८ आणि सिग्मा ६ पिक्सेल हे एनपी १२ आणि सिग्मा २ पिक्सेलपेक्षा कधीही बरं.

आणि शेवटचं उत्तर सीपीडीचं घेऊच नका. पी मॅट्रिक्समधून (सगळ्या वजनांच्या तक्त्यातून) ०.५ च्या वर वजन असलेल्या जोड्या काढा आणि ओपनसीव्हीच्या एस्टिमेट अफाइनला द्या, थ्रेशोल्ड ३ पिक्सेल हा डिफॉल्टच. समजा ९५ जोड्या निघाल्या आणि ८० खऱ्या आहेत: मघाच्या सव्वापाच कोटी फेऱ्यांच्या जागी आता सहा पुरतात. रेटिना वाकडी असते, त्यामुळे मोठ्या सामाईक भागावर अफाइन कडेला चुकतं. जोड्या स्वच्छ झाल्यावर त्याच बिंदूंवर १२ पॅरामीटरचं द्विघाती मॉडेल बसवलं की कडाही येतात. आमच्या मते रेटिनासाठी हा रस्ता डिफॉर्मेबलपेक्षा भरवशाचा. डिफॉर्मेबल लागतेच, तर आधी अफाइन करून मग बीटा १ च्या आसपास आणि अल्फा ५ पासून सुरू करा. बीटा ०.२ च्या खाली नेलात तर ती थरथरही प्रामाणिकपणे वाकवून दाखवते.

लायब्ररीत एक चीज मात्र कोपऱ्यात पडून आहे: कन्स्ट्रेन्ड डिफॉर्मेबल. काही जोड्या आधीच माहीत असतील तर त्यांचे क्रमांक सोर्स आयडी आणि टार्गेट आयडीत द्यायचे. विश्वास किती ते ई-अल्फा सांगतो: डिफॉल्टचा अतिसूक्ष्म आकडा म्हणजे पक्का विश्वास, १ म्हणजे जवळपास नाही. ऑप्टिक डिस्कचं केंद्र आणि फोविया (नजर सगळ्यात तीक्ष्ण असते ती जागा) हे दोन बिंदू प्रत्येक फंडस फोटोत, म्हणजे रेटिनाच्या फोटोत, सापडतात. हे दोन खिळे ठोकले की खोट्या बिंदूंना सगळं चित्र ओढून नेता येत नाही. पण फोविया शोधणारा कोड दहा-पंधरा पिक्सेल चुकतोच. तेव्हा डिफॉल्टच्या पक्क्या विश्वासावर राहू नका, ०.०१ पासून चाचपा. हा शोधक पारखायचा तर ‘इड्रिड’ संच आहे, नांदेडच्या एका नेत्र चिकित्सालयात टिपलेल्या ५१६ फंडस प्रतिमांचा. त्यात डिस्क आणि फोवियाची केंद्रं आखून दिलेली आहेत.

जिथे डब्ल्यूही हात टेकतो तो गठ्ठ्याने येणारा नॉइज. सपाट ढग धरतो की कचरा चित्रभर सारखा विखुरलेला आहे. तरुण डोळ्यात मॅक्युलाभोवती (फोवियाच्या आसपासच्या भागात) चकाकी पडते, तिथे शंभर पिक्सेलच्या पट्ट्यात तीस खोटे फाटे निघतात. एवढे थेंब एका जागी असले की जवळचं केंद्र तिकडे ओढलं जातंच. डब्ल्यू ०.४५ चा ०.८ केला तर दूरचे, विरळ भागातले खरे फाटे गळतात आणि गठ्ठा तसाच राहतो. याचं औषध लायब्ररीबाहेर आहे: १२ पिक्सेलच्या आतले बिंदू एकत्र करा (छेदाचे जुळे फाटेही यात मिटतात), १५ पिक्सेलपेक्षा आखूड टोकं छाटा, आणि चित्राचे ८ × ८ चौकोन करून एका चौकोनातून जास्तीत जास्त पाच फाटे घ्या, जाड रक्तवाहिनीचे आधी.

स्मृतीचं एकदा सांगून टाकू. शेकड्यांत बिंदू असतील तर विचारही नको. ५,००० विरुद्ध ५,००० द्विमित बिंदूंना मात्र अंतरांचा मधला ॲरेच ४०० एमबीचा होतो, तोही प्रत्येक फेरीत नव्याने. डिफॉर्मेबलसाठी ‘लो रँक’ची सोय आहे, पण संभाव्यतेच्या पायरीला तिचा उपयोग नाही. एवढे बिंदू असतील तर प्रोब्रेग ही दुसरी लायब्ररी बघा. तिच्यात सीपीडीबरोबर फिल्टररेग ही जुळणीची दुसरी पद्धतही आहे, बदल्यात ओपन-थ्रीडीचं ओझं येतं.

निकाल साठवताना फिरवण्याचं मॅट्रिक्स आणि सरक एवढंच ठेवू नका. दोन्ही मध्य, भागायचा आकडा, डब्ल्यू, एनपी आणि शेवटचा सिग्मा हेही त्याच फाइलमध्ये जाऊ द्या. भागायचा आकडा हरवला की बाकीच्या आकड्यांवरून पिक्सेलमध्ये परत येता येत नाही.